मुरलेलं अंग

अप्पा, तुमचं खरं ठरलं हे सांगायला हे पत्र नाही. तेवढं सुख तुम्ही मेल्यावरसुद्धा मी तुम्हाला देणार नाही. मी सांगतेय, माझी नात लिहितेय. मला कुठं शाळेत घातलंत तुम्ही?

भिंतींवर हिवतापाची पावडर मारणारे पहिल्यांदा गावात आले, तेव्हा तुम्ही दारात आडवे. "ताप अंगात मुरू दे की! पावडरीनं पोरं हळवी हुत्यात!" मोठे आले वैद्य! आम्ही भावंडं लहानपणी दर पावसाळा सरला की घोंगडीखाली दात वाजवत मुरलो होतो. धाकटा भाऊ मुरता मुरता तिसऱ्या वर्षी गेला. त्याचं नाव मात्र तुम्ही कधी काढलं नाहीत.

माझा धाकटा मुलगा इथं शहरात, भवानी पेठेत पावडरीच्या वर्षांत वाढला. हिवताप त्याला नुसता ऐकून माहीत. मग साहेब लोकांना वाटलं, ताप संपला. पावडरवाले दिसेनासे झाले. डासांना तेवढं कुणी कळवलं नाही. यंदा नवरात्र झाल्यावर आधी मी पडले. एक दिवस हुडहुडले, तिसऱ्या दिवशी भाकरी थापत होते. मग तो पडला, मागावर बसणारा चोवीस वर्षांचा गडी, आणि चार दिवसांत मला ओळखेना. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, "आजी, तुमच्या अंगाची ह्या तापाशी जुनी ओळख आहे. ह्यानं तो कधी पाहिलाच नाही."

"म्हंजे माझा बाप शहाणा म्हणायचा व्हय?"

"शहाणा कसला? ही ओळख होईस्तोवर किती लेकरं जातात!"

तिथंच तुमच्या नावानं बोटं मोडली मी.

आता तो उठून बसतोय. अंगात जीव नाही, पण तोंड चालू. "आई, त्या पावडरवाल्यांनी नुसतं पाणी मारलं बघ." कारण शहरात ताप परत आला म्हणून नवरात्राच्या तोंडावर ते येऊन घर फवारून गेले होते, पावडर भिंतीवर राहिली तरच डास मरतो असं बजावून. मी म्हणते, "व्हय, लई हरामखोर हायत." खरं सांगू, अप्पा? भिंतीवर पांढरे ओघळ, घरभर वास, आणि घट बसायला दोन दिवस. मी त्या पावडरीवर वरपासून खालपर्यंत चुना ओढला. तुम्ही निदान दारात आडवे तरी पडलात. मी त्यांना चहा पाजला आणि मग त्यांचं काम झाकून टाकलं. नात लिहायची थांबून माझ्याकडं बघतेय. म्हटलं, लिही, पण तुझ्या काकाला वाचून दाखवू नकोस.