गाठ नव्हती

११ जुलै, शुक्र.
रिटर्नसाठी गजाननकडे. माझा जुना विद्यार्थी. मेहकरातल्या निम्म्या मास्तरांचे रिटर्न, मेडिकल बिलांच्या फायली तोच करतो. स.च्या ऑपरेशनचे कागद पुढ्यात सरकवले अन् बाहेर रस्त्याकडे पाहत बसलो.
स. म्हणजे आमची सीमा. तीन वर्षांपासून म्हणते, मी समीर. म्हणतो. पूर्ण नाव लिहायला पेन अडतं, म्हणून स. नोकरी पुण्यात, ऑपरेशनही तिकडंच. गर्भाशय काढलं.
गजानननं कागद वाचला. परत वाचला. वर न पाहता म्हणाला, "सर, याले टॅक्सात सूट कोठीच बसत नाही. कॅन्सर असता तं बसली असती." जरा थांबून, "मेडिकल बिल मात्र शाळेतून टाकता येते. गाठ होती म्हणा. बिलावर नुसतं गर्भाशय काढलं एवढंच हाये. हा कारण लिहेल दुसरा कागद लावूच नका."
चहा मागवला त्यानं. प्यालो.

१४ जुलै, सोम.
फॉर्म भरला. आजार: गर्भाशयात गाठ. नातं: अविवाहित मुलगी, माझ्यावर अवलंबून. पुण्याच्या नोकरीचं लिहिलं नाही. अक्षर सुरेख आलं.
खरं तर सरकारी योजना होती. कलेक्टर ऑफिसातून ट्रान्सजेंडरचं ओळखपत्र निघालं की असलं ऑपरेशन त्यात बसतं, असं स. हिवाळ्यात सांगत होता. मीच नको म्हणालो. बुलढाण्याच्या त्या ऑफिसात माझे किती विद्यार्थी टेबलावर बसतात. म्हटलं पैसे मी देतो, कार्डाचं नाव काढायचं नाही. एफडी मोडली. मंदाला वाटलं, नवरा मोठ्या मनाचा. स.ला वाटलं, बाप. फोनवर रडला होता.
ओळखपत्र नाही म्हणून दवाखान्याच्या कागदांवर जुनंच नाव. ते आता माझ्या कामाला आलं.
मंदाला फॉर्मचं बोललो नाही.

७ ऑगस्ट, गुरु.
बिलावर हेडबाईंची सही लागते, त्यामुळे स्टाफरूमला कळलंच. आज सगळे खुर्च्या सोडून जवळ आले. "एवढ्या लहान वयात पोरीच्या नशिबी हे काय!" हेडबाईंचे डोळे भरले. मी मान हलवत राहिलो.
वाईट याचं की, बरं वाटलं. तीन वर्षांत स.बद्दल कोणी मायेनं बोललं ते आजच.

९ ऑगस्ट, शनि.
गल्लीतल्या बायका घरी आल्या. एकीनं विचारलं, "गाठीचा रिपोर्ट काय आला वं?" मंदानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "चांगला आला."
त्या गेल्यावर कपबशा धुतल्या, पुसल्या, मांडल्या. अन् मग, "गाठ कोणाले झालती? समीरले का तुमाले?"
जेवण वाढलं तिनं. शेजारी बसली नाही.

१९ ऑगस्ट, मंगळ.
वानखेडे आमच्या शाळेत गणित शिकवतो. कमी बोलतो. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन गेला. त्याच्या बायकोला गाठ आहे, खरीच. डॉक्टर म्हणतात, गर्भाशय काढा. ती भीतीनं तयार होईना. "सर, तुमची सीमा यातून गेली. हिच्याशी दोन शब्द बोलन का? कोणाचंच आयकत नाही हो."
म्हटलं, अजून अशक्तपणा आहे तिला. तो ऐकेना. हात जोडले त्यानं. वानखेडेनं माझ्यापुढं हात जोडले अन् मी
नंबर दिला.

२० ऑगस्ट, बुध.
स.ला आधी फोन करून सांगायला हवं होतं. केला नाही. आज त्याचाच आला.
वानखेडेवहिनी त्याला म्हणाल्या म्हणे, "सीमाले द्या." आवाज जाड झालाय ना आता. "मी म्हटलं, काकू, मीच सीमा होतो. ऑपरेशन खरं झालं, गाठ नव्हती. तुमाले काय भेव वाटते ते विचारा." बराच वेळ बोलले. टाके किती ओढतात, कधी उठून चालता येतं, सगळं सांगितलं त्यानं.
मी म्हटलं, "खरं काऊन सांगितलं?"
"बीमार बाईशी खोटं बोलू, पप्पा?"
मग म्हणाला, "योजनेत गेलो असतो तं कागदावर समीर लागलं असतं. तुमी पैसे दिले तवा मले वाटलं..." थांबला. "बिलासाठी मले परत पोरगी केलं तुमी. बीमार बी केलं."
ठेवला नाही फोन त्यानं. मीही ठेवला नाही. तिकडं कुठंतरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

२ सप्टें., मंगळ.
वहिनींचं ऑपरेशन झालं. सुखरूप. वानखेडेनं स्टाफरूमात पेढे वाटले. माझ्याजवळ आला, "घ्या सर" म्हणाला, तेवढंच. त्याला सगळं माहीत आहे. कोणाला बोलला नाही. बोलला असता तर एकदाचं झालं असतं.
दुपारी गजाननला फोन केला, बिल परत घेता येतं का? "येते ना. पण लवकर सांगा, वर गेलं मंग जमत नाही. आन् काऊन घेता ते लिहून द्या लागन, सर."
म्हटलं, सांगतो. पोरांच्या कॉप्या तपासायच्या होत्या. तपासल्या नाहीत.

२७ सप्टें., शनि.
काल समीर आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. बारीक दाढी ठेवलीय. मंदानं शेवभाजी केली, तिखट झाली. दोघं नाक पुसत हसत होते.
आज संध्याकाळी वानखेडेवहिनी भेटायला आल्या. मी आतल्या खोलीत होतो, तिथंच राहिलो. मधे पडदा. वहिनी म्हणाल्या, "मंदाताई, पोरगा मोठा धीराचा हाये तुमचा." मंदा म्हणाली, "हाव. लहानपणापासूनच."
मग वहिनींनी विचारलं, "सर दिसत नाही?"
"हायेत. आत हायेत."
मी उठलो नाही.
वहिनी गेल्यावर समीर आत येऊन पलंगावर बसला. रागात नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.
"सोमवारी गजाननकडं जाऊ, बिल परत घ्याले. मी येतो संगं."
"सोमवारी शाळा आहे."
"शाळा सुटल्यावर."
"तो लवकर बंद करतो."
"मंग मंगळवारी. मी सुट्टी वाढवतो."
स्वयंपाकघरात मंदा भांडी लावत होती. तो आवाज थांबला.
मी म्हटलं, "बघू."
तो म्हणाला, "बघा," अन् उठून आईकडं गेला.