शिजवलेलं जाळं

वरोर, २१ एप्रिल १९६२
महालक्ष्मीच्या जत्रेहून आत्ताच आलो. सलग तिसऱ्या वर्षी तोच नवस: मला होडी लागू देऊ नकोस. मच्छीमाराचा मुलगा आणि खाडी ओलांडली की पोटातलं बाहेर! गर्दीत देवीला जरा मोठ्यानेच सांगितलं, यंदा तरी नीट ऐक. शेजारची बाई घाबरून बाजूला झाली. पण या खेपेला वाटतंय, होणार. परवा बा होडीवर नेणार आहे.

२३ एप्रिल
उलट्या चार. खाडीच्या तोंडाशीच सुरू. बानं होडी वळवून मला किनाऱ्यावर उतरवलं, तोवर ओहोटी लागली, दिवस फुकट. माझ्या जागी आता चुलतभाऊ काशिनाथ जाणार. बा एवढंच म्हणाला, "उद्यापासून तू बायकांबरोबर." बावीस वर्षांचा मी. रडलो. देवीशी बोलणं बंद.

४ मे
बोंबील वाळत घालणं, जाळी शिवणं, रंगवणं. आशागडच्या बायका झाडाची साल आणतात, सुक्या बोंबलाच्या बदल्यात देतात. ती काहिलीत उकळायची, तिच्या लाल रंगात सुती जाळं बुडवायचं, म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजत नाही. काम वाईट नाही. आवडतं, असं लिहायचा धीर होत नाही. बा माझ्याशी बोलत नाही. निरोप आयकडून येतात, एकाच ओटीवर बसून.

१९ जून
होड्या वर ओढल्या. बानं डहाणू रोडहून नायलॉनचा दोरा आणला! पांढरा, चकचकीत, केसासारखा. गावातला पहिला. आयच्या पाटल्या त्यात गेल्या. बाला दुकानदार म्हणाला म्हणे, "आने रंगवानी जरूर नथी." म्हणजे याला रंगवायची गरजच नाही. पावसाळाभर विणायचं, मी आणि आय. बोटं शिवशिवतायत.

२९ जुलै
जाळं संपलं. आज खाडीत ओढून पाहिलं. गाठी सुटल्या. म्हणजे सरकल्या, दोरा गुळगुळीत म्हणून. जाळ्याची काही घरं हाताएवढी, काही बोटाएवढी. पापलेट यातून हसत जाईल. पुन्हा विणायला दिवस नाहीत, पाटल्या तर गेल्याच.
बा आयला म्हणाला, "त्याला सांग, हातात पण दम नाय." मी दोन हातांवर होतो. आय म्हणाली, तो समोर बसलाय, तूच सांग. बा उठून गेला.

२ ऑगस्ट
दोन दिवस आय आणि मी एकेक घर सारखं करतोय. ओढलं की परत सरकतं. आय पुटपुटत काम करते, कुणाला शिव्या देते कळत नाही. बहुतेक दुकानदाराला.

३ ऑगस्ट
काय करून बसलो! बा सरावलीला गेला होता. मी सालीची काहील पेटवली, जुनं सुती जाळं घातलं, आणि हात थांबलाच नाही, नायलॉनही घातलं. सालीशिवाय नवं जाळं समुद्रात घालणं म्हणजे हळद न लावता नवरा मांडवात बसवणं. लहानपणापासून हेच पाहिलंय. दुकानदाराचं बोलणं आठवलं तेव्हा उकळी फुटली होती.
रंग धड चढला नाही. जाळं आक्रसलं, ताठ झालं. काशिनाथ गावभर सांगत सुटलाय, यानं नायलॉनची आमटी केली. बानं बघितलं आणि जुनं जाळं तेवढं उचलून नेलं. ओरडला असता तर बरं.

४ ऑगस्ट
जाळं उचलून टाकायला गेलो, सहज एक गाठ ओढली. हलली नाही! दुसरी. दहावी. झाडाला बांधून आय आणि मी दोघं लोंबकळलो. एकही गाठ हलली नाही! उकळत्या पाण्यात दोरा आवळला आणि गाठी जागच्या जागी बसल्या. घरं जरा लहान झाली, पण सगळी सारखी. आय हसता हसता चिखलात बसली.
मला होडी लागली नसती तर मी काहिलीपाशी असतो कशाला? देवी, तीन वर्षं तू ऐकत होतीस, मी भलतंच मागत होतो. बोलणं आजपासून सुरू. नारळ देतो, पण आधी भांडणार आहे.

१५ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. दोन होड्यांचे तांडेल विचारून गेले, नायलॉन आणलं तर शिजवून देशील का. तांडेल! होडीवर ज्यांचा शब्द चालतो ते! मला! काशिनाथही होता, आमटीचं नाव काढलं नाही. बा लांबून ऐकत होता. त्याची अजून खात्री पटलेली नाही. झाडाला बांधून ओढणं वेगळं, भरतीचं पाणी वेगळं, असं आयला म्हणाला. खरंच आहे.

१८ ऑगस्ट
पहाटे होडी गेली, माझं जाळं घेऊन. निघायच्या आधी मी जाळं चढवून देत होतो. बानं एक गाठ नखानं खरवडली. मग सरळ माझ्याकडे बघून, चार महिन्यांत पहिल्यांदा: "टिकलं तर पुढल्या खेपेला तू ये. तुझं जाळं आहे, तू बघायला हवं."
म्हटलं, मला उलटी होते.
"होऊ दे. होडी धुता येते."
आता दुपार. आय दोनदा किनाऱ्यावर जाऊन आली. वारा बरा आहे. अजून शीड दिसत नाही.