मोटरहोमची निःपक्षपाती चाचणी

३ ऑगस्ट, शनिवार. कोलंबस, ओहायो.

निघालो. मी, माझा नवरा लाइल आणि चोवीस फुटी जुनं मोटरहोम.

ही सहल नाही, चाचणी आहे. लाइलला नेब्रास्कात, त्याच्या हॉल्वर्ड गावी, कायमचं परत जायचंय. त्याच्या एमिलकाकांच्या जागेत घर बांधायचं आणि ते होईपर्यंत वर्षभर या डब्यात राहायचं. हे त्याने मे महिन्यात चुलतबहिणीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीत सगळ्यांना सांगून टाकलं. मला नंतर कळलं. अर्लीनकाकूंनी विचारलं, ब्रिटा, तुमच्या त्या गाडीला पडदे कुठल्या रंगाचे शिवू गं? मी केकची बशी घेऊन उभी होते. कुठली गाडी, असं विचारलं नाही. बघू म्हटलं.

त्याबद्दल मी चिडलेली नाही. फक्त नोंद.

अट माझी. हॉल्वर्डपर्यंत गाडी एकदाही बिघडली नाही तर जायचं. बिघडली तर विषय बंद. उद्या कुणी मला पक्षपाती म्हणू नये म्हणून वर एक कलम मीच घातलं: माणसाच्या चुकीने झालेला बिघाड धरायचा नाही. लाइल म्हणाला, अगं, एवढं कशाला? मी म्हटलं, चाचणी म्हणजे चाचणी.

वजनाचं खातं माझ्याकडे. ट्रक तोलायचे काटे तपासणं हेच माझं काम. लाइलच्या मासेमारीच्या काठ्या, दोन खुर्च्या आणि त्याच्या आजीचा बिडाचा तवा उतरवायला लावला. तवा उतरवताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मी बघितलं नाही.

मागच्या कप्प्यात माझी प्रमाण वजनं आहेत. बिडाची, पन्नास पौंडी, आठ. ऑफिसात ती टायलरच्या ताब्यात ठेवणं अशक्य. तो हातमोजे घालत नाही. ती उपकरणं आहेत, सामान नव्हे. हिशेबात धरली नाहीत.

४ ऑगस्ट, रविवार. इंडियाना.

कॅम्पवर गाडी आपल्या जागेत मागे घेताना शेजारपाजारचे सगळे खुर्च्या टाकून बघायला बसले. हा इथला संध्याकाळचा कार्यक्रम. मी वॉकीटॉकीवर अचूक सूचना देत होते. सात अंश डावीकडे, म्हटलं. लाइलने विचारलं, सात अंश म्हणजे थोडं की बरंच? गाडी बाकड्याला टेकली. एक गृहस्थ बिअरचा कॅन उंचावून ओरडले, छान जमतंय! मग बायकोला हाक मारली, बाहेर ये, अजून संपलेलं नाही.

माणसाची चूक. धरली नाही. मी किती न्यायी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार. इलिनॉय.

निघायला उशीर. लाइल मांडीवर थाप मारून म्हणतो, चला, निघतो मग. त्यानंतर कॅम्पवरच्या शेजाऱ्यांच्या दारात गप्पा. मग पायरीवर. मग गाडीच्या खिडकीशी, इंजिन चालू ठेवून. मग ते कुठल्या रस्त्याने जायचं ते सांगतात. रस्ता एकच आहे.

निघताना शेजारच्या बाईंनी खिडकीतून दंडाएवढी झुकिनी, म्हणजे जाड काकडीसारखी ती भाजी, आत सरकवली. परसातली आहे हो, नाही म्हणू नका. लाइल नाही म्हणाला नाही. मी विचारलं, का? म्हणाला, अगं, नाही म्हटलं तर वाईट दिसतं. अनोळखी बाईला दुखवायचं नाही, एवढं त्याला कळतं. बायकोला पार्टीत बातमी कळते, ते वाईट दिसत नाही.

हे मी बोलले नाही. खिडकी वर केली. जरा जोरात. काचेला काही झालं नाही.

७ ऑगस्ट, बुधवार. आयोवा.

सकाळी ड्रायव्हरच्या सीटवर तीन झुकिन्या. मी कॅम्पच्या ऑफिसात तक्रार केली. काउंटरवरच्या आजींनी चष्म्यावरून बघितलं. बाई गं, ऑगस्टात गाडी उघडी ठेवलीस? परसात इतक्या पिकतात की लोक दिसेल त्या गाडीत टाकून जातात. इथे चोऱ्या होत नाहीत, झुकिन्या होतात.

परत आले तर दाराच्या पायरीवर आणखी दोन. सगळ्या तोलल्या आणि कचऱ्याच्या पिंपात टाकायला गेले. पिंपाशी एक बाई उभ्या. त्यांच्याच होत्या. मी म्हटलं, धुवायला नेतेय. त्या म्हणाल्या, नळ तिकडे आहे, चल दाखवते. नळापर्यंत सोबत आल्या. धुवाव्या लागल्या. मग त्यांनी झुकिनीचा केक कसा करायचा ते सांगितलं आणि एक केक दिलासुद्धा.

लाइलने अर्धा केक खाल्ला आणि म्हणाला, बघ, किती चांगली माणसं. मी म्हटलं, आहेत. माझा आवाज सपाट होता. तो म्हणाला, चिडलीस का? सपाट आवाजाला कुणी चिडलेला म्हणत असेल तर त्याने कान तपासावेत. हे मात्र बोलले. ते ऐकून शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नेब्रास्का.

हॉल्वर्ड आठ मैलांवर असताना खडीच्या रस्त्यावर मागून बंदुकीसारखा आवाज आला. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. गाडी एका कुशीवर बसली.

बिघाड.

मला आनंद झालेला नाही. चाचणी पूर्ण झाल्याचं समाधान, एवढंच. लाइलला सांगितलं, विषय बंद. तो चराच्या काठावर बसून गवत उपटत होता. हं, म्हणाला. वर बघितलं नाही. समोर मक्याची शेतं आणि त्यांच्यामागे गावाची पाण्याची टाकी दिसत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. शाळेत असताना त्या टाकीवर चढून त्याने नाव लिहिलं होतं म्हणे. मला हे लग्नाच्या सहा वर्षांत प्रथमच कळलं. आज सांगायची काय गरज होती?

कारणाचा विचार केला. झुकिन्यांचं वजन म्हणता येईल, पण मग ती लाइलची चूक ठरते आणि बिघाड धरता येत नाही. त्यामुळे पाटाच मुळात कमजोर होता.

जाणाऱ्या प्रत्येक पिकअपवाल्याने थांबून विचारलं, सगळं ठीक ना? चौथ्याला मी म्हटलं, नाही. तो गाडीतून उतरून तासभर थांबला.

१० ऑगस्ट, शनिवार. हॉल्वर्ड.

एमिलकाकांनी ट्रॅक्टरने गाडी ओढून अंगणात आणली. जॅक लावण्याआधी मागचं रिकामं करू, म्हणाले. मी म्हटलं, मागे काही नाही, फक्त उपकरणं.

काकांनी पहिलं वजन काढलं. मग दुसरं. आठही गवतावर ओळीने मांडली. तोवर शेजारी खुर्च्या घेऊन आले होते. काकांनी कंबर धरून विचारलं, पोरी, बोट नांगरून ठेवायची होती का कुठे? अर्लीनकाकू म्हणाल्या, काहीतरीच तुमचं, दाराला टेकू म्हणून किती छान आहेत!

मी शांतपणे समजावलं की उपकरणं सामानात मोडत नाहीत. काका म्हणाले, हे पाट्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सगळे हसले. लाइल हसला नाही. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, माणसाच्या चुकीने.

माझं कलम. माझेच शब्द. हसला असता तर मला चिडता तरी आलं असतं.

बेसिनशी जाऊन हात धुतले. बराच वेळ.

११ ऑगस्ट, रविवार.

लाइल माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. म्हणाला, ती अट सोड. मे महिन्यात तुला आधी विचारायला हवं होतं. भीती वाटली, तू नाही म्हणशील. म्हणून आधी लोकांना सांगितलं. आता विचारतो. यायचं का इथे? नाही म्हणालीस तरी चालेल.

मे महिन्यापासून माझं उत्तर तयार आहे. तीन मुद्दे, क्रमाने. एकही आठवला नाही. हे त्याचं वागणं अन्यायाचं आहे. विचारलंच नव्हतं तोवर मला सगळं पाठ होतं.

पाटा येऊ दे, मग सांगते, म्हटलं. पाटा बुधवारी येतोय.

१४ ऑगस्ट, बुधवार.

पाटा आला. काकांनी बसवला. गाडी सरळ उभी आहे. लाइल काही विचारत नाही. सकाळपासून तेच ते चाक पुसतोय.

काकूंच्या ओट्यावर नऊ झुकिन्या. चार पिशवीत घालून फेरफटका मारायला गेले. सध्या वजनं उचलायचं काम नाही म्हणून हातांना सवय राहावी, एवढाच उद्देश. चर्चसमोर एक उघडी पिकअप होती. सीटवर चारही ठेवल्या आणि दार लावलं. कुणी बघितलं नाही. ऑगस्टात गाडी उघडी ठेवली तर असंच होणार.

परत आले तर काकूंच्या घराचं दार उघडं. वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला माझं एक वजन लावलेलं. मी ते काढलं नाही. दार खरंच नीट राहतं.

काकूंनी मापाची टेप हातात घेऊन विचारलं, मग गं, पडदे कुठल्या रंगाचे? मी म्हटलं, पिवळे नकोत.

एवढंच म्हटलं. ही माहिती आहे, होकार नव्हे. पण बाहेर लाइलने चाक पुसायचं थांबवलं होतं आणि काकू कापड आणायला आपल्या कारमध्ये बसल्यासुद्धा होत्या. आधी मात्र त्यांना कारच्या सीटवरून कुणीतरी ठेवलेल्या झुकिन्या बाजूला कराव्या लागल्या.