जाळी न टाकलेले पाइप

३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. निदान गाडीचं काम पूर्ण होईपर्यंत.
मोटारसायकलची उंची कमी करून झाली. गॅरेजवाल्या बसप्पानं मागचे शॉकअप आखूड टाकले. मंजुषा नेहमी म्हणायची, साडीत चढता येत न्हाय या गाडीवर. तिच्यासाठीच केलं सगळं.
आता फक्त सायलेन्सर राहिलेत. ते बसले की तिला आणायला तेरला. मामांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेलीय. मामांचे डोळे केव्हाच बरे झाले, पण आईवडिलांजवळ तिला बरं वाटत असेल. राहू दे थोडं.

७ मार्च
बसप्पाच्या गॅरेजवर सायलेन्सर पाइपचे तीन प्रकार बघितले. एक आखूड, टोकाला तिरपा कापलेला. दुसऱ्याचं टोक माशाच्या शेपटीसारखं. तिसरा सरळ, लांब, मागच्या चाकाच्याही बाहेर जाणारा. तिन्हींचे फोटो मंजुषाला पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.
म्हणजे निवड माझ्यावर सोपवली. इतका विश्वास टाकणारी बायको सगळ्यांना मिळत नाही.

८ मार्च, सकाळ
मंजुषाचा फोन. तिकडं तिनं शिलाईचा क्लास सुरू केलाय. गावातल्या पोरी येतात म्हणे. छान, वेळ जातो तुझा, असं म्हटलं. मग विचारलं, फोटो बघितलेस का.
ती म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही विचारायचं न्हाय का?"
मी विचार केला. विचारलं, क्रोमचे घेऊ का काळे?
फोन कट झाला. रेंजचं काही खरं नाही.

१५ मार्च
ऑफिसात शुभांगी मॅडमनी विचारलं, वहिनी कधी येणार. म्हटलं, परीक्षा झाल्यावर. कुणाची परीक्षा ते त्यांनी विचारलं नाही. समजूतदार बाई.
सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडं दोघांनी मिळून जायचं होतं, मुलाबाळासाठी. एकदा इंजिन उघडलेलं होतं, एकदा रंगकाम चाललं होतं. मंजुषा एकटीच बसनं जाऊन आली. तिचं सगळं नॉर्मल आहे. तपासण्या राहिल्यात त्या माझ्या. घाई कसली. पाइप बसले की गाडीवरच जाऊ. लाँग राइडही होईल.

२२ मार्च
ठरलं. सरळ, लांब, दोन्ही बाजूंनी. क्रोम.
बसप्पा म्हणाला, "साहेब, आत जाळी टाकतो. न्हाय तर लई आवाज करतंय. जवळचं माणूस बोललेलं बी कळणार न्हाय."
नको म्हटलं. जाळीच टाकायची तर लांब पाइप घ्यायचे कशाला? मी गावात शिरलो की मंजुषाला घरात बसून कळलं पाहिजे, कोण आलंय.

२९ मार्च
पाइप बसले. गल्लीत गाडी चालू केली. शेजारचे सिद्रामप्पा बाहेर आले आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले. इतकं कौतुक मला अपेक्षित नव्हतं.
घरात येऊन सांगायला कुणी नाही, म्हणून इथं लिहितोय.

५ एप्रिल, तेरहून आल्यावर
जाताना प्रत्येक गतिरोधकावर उतरलो आणि गाडी ढकलत पलीकडं नेली. नळदुर्गजवळ एका ट्रकवाल्यानं थांबून विचारलं, पेट्रोल संपलं का. तुळजापूरच्या अलीकडं उजवा पाइप खालून चांगलाच खरवडला. दिसत नाही म्हणा, झोपून बघितलं तरच दिसतं.
तेरला अख्खी गल्ली बाहेर आली. कुणाची तरी म्हैस दावं तोडून पळाली. मामा काळा चष्मा लावून ओसरीवर आले आणि लगेच आत गेले. ऊन सोसत नसेल अजून.
मंजुषा बाहेर आली. वाळलीय. गळ्यात टेप होती मापाची. आवाज तिला नीट ऐकायला मिळावा म्हणून मी गाडी चालूच ठेवली. तिनं हात खाली-वर केला, दोन-तीनदा. ताल धरला असावा.
मग अगदी जवळ आली. काहीतरी म्हणाली. मला काही कळलं नाही. बोलून झाल्यावर माझ्याकडं बघत उभी राहिली. बराच वेळ. मी हसून मान डोलावली.
तिनंही मान डोलावली. डोळे पुसले. आत गेली. धूर गेला असणार डोळ्यांत.
चहा मामींनी आणून दिला. मंजुषा परत बाहेर आली नाही. एवढ्या दिवसांचे कपडे, एकदम आवरून होत नाहीत. मीही घाई केली नाही, एकटाच परत निघालो.
एकूण भेट छान झाली.

१३ एप्रिल
घर झाडलं. कोळ्यांची जाळी काढली. मंजुषाची शिलाई मशीन पुसली, तेल घातलं. आली की लागेल तिला.
पुढच्या आठवड्यात सोलापूरची अपॉइंटमेंट घेणार. नक्की.

२० एप्रिल
दुपारी दारात जीप थांबली. धावत गेलो. मेव्हणा युवराज एकटाच होता. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं. मागंही बघितलं.
म्हणाला, अक्कानं मशीन आणायला सांगितलीय. पोरी वाढल्यात क्लासला.
मी म्हटलं, मशीन कशाला नेतोस, तीच यायचीय ना इकडं.
तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, अक्कानं तुम्हाला विचारलं की त्या दिवशी. मी आता इथंच राहू का, कायमची? तुम्ही व्हय म्हणला. हसत म्हणला म्हणं."
मी आत गेलो.
एका बाजूनं त्यानं धरलं, एका बाजूनं मी. मशीन जीपमध्ये चढवली. त्याच्या हाताला तेल लागलं. ते शर्टाला पुसत म्हणाला, "तयारच ठेवली हुती म्हणा की."
चहा घे म्हटलं. थांबला नाही.

२१ एप्रिल
काल फोन करायला जमलं नाही. आज केला.
मंजुषाला म्हटलं, मला ऐकूच आलं नव्हतं त्या दिवशी. गाडीचा आवाज होता.
ती म्हणाली, "मला माहितेय, ऐकू आलं न्हाय ते. पण 'काय म्हणलीस' असं तरी विचारायचं. मी उभी होते की तिथं."
मी आता विचारलं. काय म्हणाली होतीस?
"राहू द्या आता."
फोन मात्र तिनं ठेवला नाही. तिकडं एका पोरीनं विचारलं, बाई, हे कुठून कापू? मंजुषा तिला सांगायला लागली. हळू आवाजात, नीट समजावून. इथून धर, इथं खूण कर, घाई करू नको. चुकलं तरी चालतंय, परत करू.
एकेक शब्द ऐकू येत होता. मी ऐकत बसलो.
थोड्या वेळानं तिनं फोन ठेवला.