चिखलात रुतलेली जीप

बुधवार, संध्याकाळ

दुष्काळात आज मधेच पाऊस पडला. चारा छावणीतल्या आजारी गायीसाठी निघालेली आमच्या दूध संघाची जीप तलवाड्याच्या वाटेवर काळ्या मातीत रुतली. फोर व्हील लावूनही चाकं जागीच फिरली.

शेजारच्या शेतातून किसनराव बैलजोडी घेऊन आले. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या.

मी म्हणालो, "नको, ट्रॅक्टर बोलवू."

"तिकडं जनावरं मरायलीत, डॉक्टरसाहेब. बसा तुमी."

बैलांनी ओढून जीप चिखलातून काढली, पण डावा बैल कोसळला. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. गेला.

किसनराव म्हणाले, "निघा आता, उशीर व्हायलाय."

छावणीतली गाय वाचली. पण बरगड्या मला दिसल्या होत्या ना? मी जनावरांचा डॉक्टर. तरी स्टिअरिंगवर बसलोच. मघाशी तिथून निघताना पाहिलं, किसनराव उरलेल्या बैलाला ओढत होते आणि तो मेलेल्या बैलाजवळून हलत नव्हता.