भिंतीवरून वाचलेलं वचन

८ फेब्रु., शनि.
परतूरला चर्चमधल्या बहिणींची रिट्रीट. सकाळी तासभर मौन. एकटीने देवापाशी बसायचं, मग गोलात येऊन मिळालेलं बायबलचं वचन सांगायचं. मला काहीच मिळालं नाही. पाठीची कळ तेवढी मिळाली. माझी पाळी आली तेव्हा समोर भिंतीवर मंडळीचं कॅलेंडर होतं. त्यावरचं वचन वाचलं, बरं करणाऱ्या देवाचं. म्हणाले, "मला हे मिळालं."
एस्तेरमावशी रडायला लागल्या. "माझ्यासाठीच हाय गं हे." सगळ्यांनी त्यांच्यावर हात ठेवले. मीही.

९ फेब्रु., रवि.
उपासनेनंतर मावशींची मुलगी सुनीता भेटली. मावशींच्या छातीत गाठ आहे. वीस तारखेला संभाजीनगरला ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर थांबू नका म्हणालेत. मला यातलं काही माहीत नव्हतं. मावशी आता जात नाही म्हणतात. "तुमच्या वचनावर अडून बसलीय ती, ताई." सुनीता रागावली नव्हती. रागावायला हवी होती.

११ फेब्रु., मंगळ.
कंपनीत बियाण्यांची उगवण चाचणी. शंभरातले किती दाणे उगवले ते मोजून लिहायचं. न पाहिलेला आकडा इतक्या वर्षांत एकदाही लिहिला नाही. आणि देवाच्या नावाने मात्र...
बाकीच्यांना खरंच ऐकू येतं का? की त्याही—
हा विचार पाप आहे. खोडत नाही.

१३ फेब्रु., गुरु.
मावशींकडे गेले. तूर निवडत बसल्या होत्या. सांगून टाकलं, देव बोलला नव्हता, मी कॅलेंडर वाचलं.
हसल्या. "कॅलेंडर कोणी टांगलं मंग? बायबलात तो गाढवाच्या तोंडून बोलल्ता. तू तर बीएस्सी हायेस."
"मावशी, डॉक्टरही त्यानेच दिलेत."
"न्हाई कुठं म्हणते? पण आधी कोणाचं ऐकू?"
पाळकसाहेबांनीही त्यांना दोनदा समजावलंय, प्रार्थना करा आणि ऑपरेशनही करा. बिलकुल ऐकत नाहीत.

१६ फेब्रु., रवि.
मंडळीसमोर उभी राहिले, खोटं बोलले ते सगळं सांगितलं. खाली बसले तर तिघींनी मिठी मारली. किती नम्र साक्ष दिलीस म्हणे. मावशींची मिठी सगळ्यात घट्ट.
बाहेर म्हणाल्या, "तुला पटत न्हाई ना? परत इचार त्याला. तो जा म्हणला तर जाते. बुधवारी येऊन सांग. तू आता खोटं बोलणार न्हाईस, सगळ्यांनी पाह्यलंय."

१८ फेब्रु., मंगळ.
दोन दिवस विचारतेय. पहाटे, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. काही नाही.
"जा म्हणाला." एवढंच म्हटलं तर मावशी वाचतीलही. खोटंच, पण या वेळी चांगल्यासाठी. मागच्या वेळी तरी वाईटासाठी कुठे होतं?
आयुष्यात एवढी त्याच्यापाशी कधी बसले नव्हते. रिट्रीटला याच्यासाठीच जात होते ना दरवर्षी. असं असतं हे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१९ फेब्रु., बुध.
रजा टाकली. सुनीताचा फोन. बॅग भरलीय, उद्या पहाटेची गाडी सांगितलीय. मावशी सकाळपासून धुतलेली साडी नेसून माझी वाट पाहताहेत. "ताई, काय सांगायचं ते सांगा. ती गाडीत बसली पाहिजे."
चपला घालून खुर्चीवर बसलेय. अजून एकदा विचारते.
काही ऐकू आलं नाही तरी जावं लागणार. तिथे तोंड उघडावं लागणार.