चिंधीची गाठ

आई, परवा तिन्हीसांजेला मी आपल्या माळावर बसून सशासारखी रडले. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तो आवाज मी एकदाही काढला नव्हता. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये काढला असता तर शेजारच्यांनी दार वाजवलं असतं. शाळेत पहिलीच्या मुलांना प्राण्यांचे आवाज शिकवतानाही मी कोंबडा, मांजर, म्हैस इथपर्यंतच थांबत आले. तो माझ्यात शिल्लक असेल असं वाटत नव्हतं. होता. पहिल्याच श्वासाला आला, अगदी तुझा आला, आणि समोर बोरीच्या जाळीमागे दबून बसलेल्या धाकट्या भावाने मान वळवून माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की जणू तिथे तूच बसलेली आहेस.

धाकट्याचा फोन शनिवारी दुपारी आला होता. "आक्का, पाचवी शेळी गेली," म्हणाला. "लांडगाच हाय. पावलं बघितली मी." मी म्हटलं, वनखात्याला कळव. "कळवलं की. आले, फोटो काढले, पंचनामा केला, चहा प्याले. लई चांगली मानसं हायती. पर शेळी काय उठून बसली न्हाई." मग त्याने मोबाईलवर सशाच्या ओरडण्याचा आवाज शोधून काढला होता आणि पोराच्या लग्नात आणलेला स्पीकर माळावर नेऊन दोन संध्याकाळी तो वाजवला होता. काय आलं, विचारलं तर म्हणाला, "गावातली कुत्री आली. आन् वरच्या आळीचा म्हातारा आला, म्हनला हे भजन कंच्या मंडळाचं?" आम्ही दोघंही हसलो. हसणं संपल्यावर तो म्हणाला, "तुला आईची हाक येती. येक डाव ये." मी म्हटलं, हे बेकायदेशीर आहे, तुला तुरुंगात टाकतील. आणि थंडी आहे, थंडीत आई हाक द्यायची नाही. "दिली हुती की येकदा," तो म्हणाला. "आन् तुझी गाठ सुटली हुती."

आपल्या घरात हे अजून चालतं, तुला सांगायला हवं. शेळीचं दावं सुटलं, गाठोडं उसवलं, लग्नात मांडवाचा कोपरा खाली आला, की कुणीतरी म्हणतंच, "आक्काची गाठ!" तुझ्या सुनेला हा शब्द या घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात कळला. माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे. पंचेचाळिशीची मी बाई, पंचवीस पोरांना रोज ओळीत उभं करते, पण बुटाची लेस बांधताना अजून दोनदा ओढून बघते.

मी सहावी शेळी वाचवायला गेले असं म्हणवत नाही. शेळ्या तुझ्या सुनेच्या आहेत. पहिली पाट, म्हणजे तरणी शेळी, तिने माहेराहून आणलेली, त्यावर हा कळप तिनेच वाढवला. ती फोनवर रडली नाही, नुसती म्हणाली, "वन्सं, मोकळ्या दाव्याकडं बघवत न्हाई वो." त्यासाठी मी गेले. पण बसमध्ये बसल्यावर कळलं, की मला ती गाठ पुन्हा एकदा बघायची होती.

तुझी ती पद्धत मला आज डोळ्यांपुढे दिसते. हाक द्यायला पुरुष चालत नाही, असं तू म्हणायचीस, त्यांचा आवाज जाड पडतो, जनावराला पोटातली भूक ऐकू यायला पाहिजे, माणसाचं नरडं नाही. वारं तोंडावर घेऊन बसायचं. मूठ वळायची, अंगठ्याच्या बुडाशी ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. तारेच्या कुंपणात सापडलेला ससा जसा ओरडतो, तसा तो आवाज यायचा, ऐकणाऱ्याच्या मणक्यातून जायचा. चार हाका, मग गप्प. मनात शंभर मोजायचे. जनावर सरळ येत नाही, वळसा घालून वास घेत मागून येतं, म्हणून माझी पाठ तुझ्या पाठीला लावून तू मला बसवायचीस. दिसलं की मी पाठ दाबायची. मग तू शेवटची, अगदी बारीक हाक द्यायचीस, ससा मरतोय अशी, आणि जनावर भान विसरून धावत यायचं. बांधाच्या फटीत वाघूर लावलेलं असायचं, जाड सुतळीचं जाळं, त्यामागे काठ्या घेतलेली माणसं आणि तोंडं दाबून धरलेली कुत्री. एवढ्या सगळ्या माणसांचा श्वास तुझ्या एका मुठीवर अडकलेला असायचा.

आणि बांगड्या. भरल्या हाताची बाई हात मोकळे करणार नाही, आणि काच वाजली तर सगळं संपलं. म्हणून तू त्या वर सरकवून कोपराखाली दाबायचीस आणि जुन्या लुगड्याची चिंधी वरून खाली मनगटापर्यंत गुंडाळून त्यांना गच्च बांधायचीस. स्वतःच्या हाताला बाईला गाठ मारता येत नाही. ती मी मारायचे. सात वर्षांची होते तेव्हापासून ते माझंच काम होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

त्या साली मी अकरा वर्षांची. पौषातली थंडी. लांडग्याने वस्तीवरची करडं उचलली होती, आणि दारात माणसं येऊन उभी राहिली. "वैनी, येक हाक द्या." तू उंबऱ्याच्या आतूनच म्हणालीस, "थंडीत न्हाई. ह्या दिसांत दूधवाली येती. पिलं असत्यात तिची." दादा, आम्हा दोघांचे वडील, अंगणात बाजेवर होते. ते म्हणाले, "देईल, देईल. उद्या या." तू आत भाकरी थापत होतीस, ती थापतच राहिलीस, इतकी की काठाला फाटली.

दुसऱ्या दिवशी मी गाठ मारते आहे. एक मारली, तिच्यावर दुसरी मारली, टोकं दातांनी ओढली. तू हात हलवून बघितलास, काही वाजलं नाही. आपण पाठीला पाठ लावून बसलो. चार हाका. शंभर. चार हाका. माझ्या पायाला मुंग्या आल्या आहेत, नाक गळतंय आणि पुसता येत नाही. आणि मग गवत हललं नाही, पण गवतात ती होती. माझ्या बाजूनेच. मातीच्या रंगाची, उंच, हाडं दिसणारी, आणि पोटाखाली ओघळलेले सड. मी ते बघितले. मी तरीही पाठ दाबली, आई. मी माझं काम केलं.

शेवटची हाक आली नाही. मला तुझा श्वास ऐकू येत होता. आणि मग खळ्‌कन काच वाजली. मी डोळा मिटून उघडला तर गवत रिकामं.

माणसं उठली. कुणीतरी काठी जमिनीवर आपटली. दादा आले आणि म्हणाले, "काय झालं?" तुझ्या हातावरून चिंधी लोंबत होती. तू माझ्याकडे वळलीस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "येक गाठ बांधता येईना तुला? येवढी घोडी झालीस!" मी म्हणाले, "दोन मारल्या हुत्या आई, दोन." तू म्हणालीस, "मग सुटली कशी?" घरी येताना ती चिंधी माझ्या हातात होती. तिचं टोक ओलं होतं. पौषातल्या थंडीत कुणाला घाम येतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी ती धुऊन वाळत घातली.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या म्हातारीची दुभती शेळी गेली. ती तीच म्हातारी, जी मला येता-जाता वाटीभर दूध द्यायची. ती दारात येऊन रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "पोरी, तुझ्या गाठीनं नेली गं माझी." त्यानंतर मी तिच्या दारावरून गेले नाही, मागच्या बांधाने शाळेत जायचे. ती मेली तेव्हासुद्धा मी मागच्या बांधानेच गेले. दुसरं एक आठवतं. हाकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे तू माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवलास. ते धाकट्याच्या वाट्याचं होतं. तो रडायला लागला तर तू त्याला म्हणालीस, "गप ऱ्हा. खाऊ दे तिला." माझ्याकडे मात्र बघितलं नाहीस. मला वाटलं, तू मला माफ केलंस. तू पुन्हा कधी हाक दिली नाहीस, आणि तेही मी माझ्याच गाठीवर लिहून ठेवलं.

परवा तुझ्या सुनेने माझा हात बांधला. भाच्याच्या लग्नातल्या हिरव्या बांगड्या माझ्या हातात अजून आहेत. मी म्हटलं, काढून ठेवते, तर तिने हात धरला. "नगं वन्सं, पोराच्या लग्नाचा चुडा हाय." मग साडीची पट्टी फाडली. तिने दोन गाठी मारल्या. मी हात हलवून बघितला. पाठीला पाठ लावून ती बसली, तिची पाठ गरम होती. पलीकडे सुप्याच्या कारखान्यांचे दिवे लागायला लागले होते. बांधाच्या फटीत वाघूर, धाकटा, त्याचे दोन मित्र, तीन कुत्री. मी मूठ वळली, ओठ लावले.

आणि तेव्हा मला ती लागली, आई. गाठ. ओठांना लागली. अंगठ्याच्या बुडाशी जिथून हाक निघते, तिथेच, दातांच्या समोर. एवढी वर्षं ती गाठ मी बाहेरून बघत होते, बांधणाऱ्याच्या बाजूने. हाक देणाऱ्याच्या बाजूने ती कुठे येते, हे मला कधी कळलंच नव्हतं.

मी चार हाका दिल्या. शंभर मोजले. पुन्हा चार. सत्तरपर्यंत आले तेव्हा पाठीवर दाब आला. मी सावकाश मान वळवली. तीस पावलांवर ती उभी होती. ती तुझ्या वेळचीच म्हणावी इतकी तशीच, मातीच्या रंगाची, पोटाखाली तसेच सड. कान पुढे, एक पाय उचललेला. तिला फक्त एक बारीक हाक हवी होती. पाठीवर पुन्हा दाब आला, जोरात. माझ्या पाठीला टेकलेल्या बाईच्या पाच शेळ्या गेल्या होत्या, आणि समोरचीच्या पोटाला कुठेतरी पिलं लागणार होती, आणि माझ्या तोंडात सुती कापडाचं टोक होतं. ते कधी आलं ते मला सांगता येणार नाही. मी ओढलं. एक गाठ सुटली. दुसरी ओढायला जास्त वेळ लागला, ती तिने चांगली मारली होती.

काच वाजली. गवत रिकामं झालं.

कुत्री सुटली, नुसती भुंकत माळभर फिरली. धाकटा आला. "काय झालं गं?" माझ्या हातावरून पट्टी लोंबत होती, टोक ओलं होतं, मी ते मुठीत धरलं. त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. तो चिडला असता, चार दिवस बोलला नसता, एवढंच. तुला तर दादांनी मारलं असतं. मला कोण मारणार होतं? पण मी म्हणाले, "गाठ सुटली." त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "दोन मारल्या हुत्या वो मी. वन्सं, तुमीच बघितल्या की, दोन." आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हणाले, "सुटली खरी."

सावेडीला आले तर काल त्याचा फोन. सहावी गेली, ती माहेरची, आता म्हातारी झालेली शेळी. आता वनखात्याच्या माणसाच्या सांगण्यावरून तो गोठ्याला जाळी आणि वर पत्रा ठोकतो आहे, जे आधीच करायला हवं होतं. मग हसत म्हणाला, "आक्का, तू सुटलीस. आता घरात समदी हिचीच गाठ म्हनत्यात. सकाळी कडब्याची पेंढी सुटली, तर बारकं पोरगं म्हनालं, आईची गाठ!" मागे ती भांडी घासत होती, मला भांड्यांचा आवाज ऐकू येत होता.

तुला हे एवढ्यासाठी लिहायला बसले, की तू का केलंस ते मला कळलं, आणि का सांगितलं नाहीस तेही. दादांचा हात मला माहीत आहे. लोणी कशासाठी होतं तेही आता कळलं, ती तू दिलेली माफी नव्हती, मागितलेली होती. तुझ्यावर राग धरायला मी बसले होते आणि तो धरता येत नाही, कारण धाकटा "तू सुटलीस" म्हणाला तेव्हा, आई, मला एक क्षणभर खरंच हलकं वाटलं.

तुला पत्ता नाही, म्हणून हे सगळं लिहून झालं. तुझ्या सुनेचा नंबर फोनमध्ये आहे. सकाळपासून दोनदा काढला, आणि अजून लावलेला नाही.